१५ वॅट विरुद्ध ६० वॅट: लॅपटॉप आणि डेस्कटॉप प्रोसेसरची तुलना कशी करायची

इंटेलचा कोअर आय५-१२३५यू हा लॅपटॉपचा प्रोसेसर, तर कोअर आय३-१२१०० डेस्कटॉपचा. दोघेही २०२२ सालचे आणि एकाच बाराव्या पिढीतले. पहिल्यात १० कोअर (चिपमधले स्वतंत्रपणे काम करणारे भाग), दुसऱ्यात ४. पहिल्याचा कमाल वेग ४.४ गिगाहर्ट्झ, दुसऱ्याचा ४.३. कॅश मेमरी (चिपमधलीच छोटी, वेगवान स्मृती) दोघांचीही १२ एमबी. त्यात एक वरच्या श्रेणीचा 'आय५' आणि दुसरा खालचा 'आय३'. कागदावर सामना एकतर्फी वाटतो. प्रत्यक्षात दोन्हींवर तासभराचं व्हिडिओ रूपांतर लावून पाहा, बऱ्याच लॅपटॉपांमध्ये तो १० कोअरवालाच मागे राहतो.

याचं कारण त्याच तक्त्यात, सहसा कुणी बघत नाही अशा ओळीत असतं. बेस पॉवर, म्हणजे चिपला सतत चालायला ठरवून दिलेली वीज: एकाची १५ वॅट, दुसऱ्याची ६० वॅट. शिवाय १२३५यूच्या १० कोअरपैकी पूर्ण ताकदीचे दोनच आहेत, उरलेले आठ छोटे, वीज वाचवणारे.

म्हणून 'कोणता प्रोसेसर वेगवान' हा प्रश्न अर्धाच आहे. किती वॅटवर आणि किती वेळ, हे त्याला जोडलं की मगच उत्तर शोधता येतं. पुढच्या सगळ्या पायऱ्या त्यासाठीच आहेत.

पायरी १: नावातली अक्षरं आणि आकडे वाचा

इंटेलच्या नावाच्या शेवटी 'यू' असेल तर तो कमी विजेचा लॅपटॉप प्रोसेसर, साधारण १५ वॅटचा. बाराव्या-तेराव्या पिढीत 'पी' म्हणजे २८ वॅट. त्याच पिढ्यांत 'एच' म्हणजे ४५ वॅट, आणि 'एचएक्स' त्याच्याही वर. डेस्कटॉपमध्ये शेवटी काहीच नसेल तर साधा प्रोसेसर. 'के' असेल तर क्लॉक (गिगाहर्ट्झमधला वेग) वाढवायची मुभा, 'एफ' असेल तर आत ग्राफिक्स नाही. 'टी'कडे मात्र नीट लक्ष द्या. हा डेस्कटॉपचाच असतो, पण ३५ वॅटवर बांधलेला. छोट्या डब्यासारख्या संगणकांत तो असतो, आणि डेस्कटॉप म्हणून घेतलेलं यंत्र लॅपटॉपसारखं का वागतंय असा प्रश्न पडतो तो त्यामुळेच.

अक्षराइतकीच पिढीही महत्त्वाची. २०१६च्या कोअर आय७-७५००यूमध्ये फक्त २ कोअर होते. पुढच्याच वर्षी आलेल्या आय५-८२५०यूमध्ये ४. वीज दोघांनाही १५ वॅटच. म्हणजे एका वर्षात 'आय५' हा 'आय७'च्या पुढे गेला. 'आपला आय७ आहे' एवढ्या माहितीवरून काहीच कळत नाही ते असं.

एएमडीच्या २०२३च्या लॅपटॉप नावांत तर आणखी गंमत आहे. रायझन ५ ७५२०यू आणि रायझन ७ ७८४०यू एकाच पिढीचे वाटतात. पण त्या मालिकेत तिसरा आकडा आतल्या रचनेचा असतो. पहिला झेन २वर बांधलेला (झेन हे एएमडीच्या रचनांचं नाव), म्हणजे २०१९ साली बाजारात आलेल्या रचनेवर. दुसरा झेन ४वर. पहिला आकडा ७ दोघांचाही, आतला फरक दोन पिढ्यांचा. ही नावं ग्राहकाच्या सोयीसाठी ठेवली असतील, यावर माझा तरी विश्वास बसत नाही.

पायरी २: वॅट आणि वेग यांचं नातं समजून घ्या

चिपला लागणारी वीज क्लॉकच्या प्रमाणात वाढते, आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात. क्लॉक वाढवायचा तर व्होल्टेजही वाढवावं लागतं, त्यामुळे मार एकदम दोन्हीकडून बसतो. उदाहरण म्हणून गणित करून पाहू. समजा एक कोअर १.२ व्होल्टवर ४ गिगाहर्ट्झने चालतोय. तो ३ गिगाहर्ट्झवर आणला आणि त्याला ०.९५ व्होल्ट पुरले. वेग २५ टक्के कमी झाला. वीज किती उरली? ०.९५ भागिले १.२, त्याचा वर्ग, गुणिले ०.७५. उत्तर येतं साधारण ०.४७. म्हणजे पाव वेग सोडला आणि निम्म्याहून जास्त वीज वाचली.

लॅपटॉपचा सगळा डाव यावरच उभा आहे. आणि डेस्कटॉप शेवटच्या काही टक्क्यांसाठी एवढी वीज का ओततो, तेही यातूनच कळतं.

खरी जोडी घ्या. रायझन ७ ५८००यू आणि रायझन ७ ५८००एक्स. दोन्ही झेन ३, दोन्हींत ८ कोअर आणि १६ थ्रेड (एका वेळी चालणारे कामाचे धागे). पहिला १५ वॅटचा, दुसरा १०५ वॅटचा, म्हणजे सातपट. (१०५ हाही छापील आकडा, मदरबोर्डच्या सॉकेटमधून त्याला १४२ वॅटपर्यंत घ्यायची परवानगी असते.) कमाल क्लॉक ४.४ आणि ४.७ गिगाहर्ट्झ. एकाच कोअरचं काम असेल तर क्लॉकमधला फरक ७ टक्क्यांच्या आसपास, कारण एकट्या कोअरला धावायला १५ वॅट पुष्कळ झाले. आठही कोअर जुंपले की लॅपटॉपच्या चिपला तेवढेच वॅट आठ जणांत वाटावे लागतात आणि क्लॉक बराच खाली येतो. तरीही फरक सातपट होत नाही. बहुतेक कामांत तो दुपटीच्या आतबाहेर राहतो. डेस्कटॉपला ३२ एमबी एल३ कॅश आहे, लॅपटॉपला १६. गेमसारख्या कामांत त्याचाही परिणाम दिसतो.

आता वेळेचा भाग. इंटेलच्या चिपला विजेच्या दोन मर्यादा असतात. पीएल२ ही थोड्या वेळासाठीची, पीएल१ ही कायमची. १२३५यूसाठी इंटेलने छापलेले आकडे आहेत ५५ वॅट आणि १५ वॅट. वरच्या मर्यादेत किती वेळ राहायचं ते 'टाऊ' नावाच्या मुदतीने ठरतं, आणि अनेक लॅपटॉपांत ती २८ सेकंद ठेवलेली असते. हे घड्याळ लावून मोजलेले २८ सेकंद नसतात. चिप मागच्या काही सेकंदांच्या विजेची सरासरी काढत असते आणि ती सरासरी पीएल१ला पोचली की आवरतं घेते. म्हणून आधी शांत बसलेला लॅपटॉप जास्त वेळ उसळी मारतो, आणि नुकताच राबलेला लगेच दमतो. चाचणी करताना हे फार कामाला येतं.

हे तिन्ही आकडे लॅपटॉप बनवणारी कंपनी आपल्या मर्जीने बदलू शकते. जाड लॅपटॉपात तीच चिप कायम २५ वॅटवर चालवतात, पातळ लॅपटॉपात १२-१५ वॅटवर. प्रोसेसरचं नाव मात्र दोन्ही खोक्यांवर एकच. डेस्कटॉपही यातून सुटत नाही. अनेक मदरबोर्ड इंटेलच्या मर्यादा मुळातच सैल सोडून देतात, त्यामुळे एकाच प्रोसेसरचे दोन बोर्डांवरचे स्कोअर वेगळे येतात.

थंड ठेवण्याच्या सोयीने किती फरक पडतो याचं स्वच्छ उदाहरण नोव्हेंबर २०२०मध्ये ॲपलने दिलं. एम१ ही एकच चिप मॅकबुक एअरमध्ये आली आणि १३ इंची मॅकबुक प्रोमध्येही. एअरला पंखा नाही, प्रोला आहे. छोट्या कामांत दोघे बरोबरीत. काम लांबत गेलं की एअर हळूहळू मागे सरकतो.

कमी विजेची चिप म्हणजे दुय्यम, असंही समजू नये. २००३मध्ये इंटेलने लॅपटॉपसाठी पेंटियम एम आणला. त्या वेळी डेस्कटॉपचा पेंटियम ४ तीन गिगाहर्ट्झच्या पुढे निघाला होता. त्याच्या जवळपास निम्म्या क्लॉकवर चालूनही पेंटियम एम बऱ्याच कामांत तुलनेला उभा राहायचा, कारण दर ठोक्याला तो जास्त काम उरकायचा. पुढे २००६मध्ये डेस्कटॉपवर आलेला कोअर २ ड्युओ पेंटियम ४च्या वाटेने गेला नाही, तो याच लॅपटॉप घराण्यातून आला. तेव्हा वेगवेगळ्या रचनेच्या दोन चिपांचे गिगाहर्ट्झ समोरासमोर ठेवून काही सिद्ध होत नाही.

पायरी ३: आपलं काम कोणत्या जातीचं ते ठरवा

वेब पानं, कागदपत्रं, नेहमीच्या आकाराची स्प्रेडशीट: ही कामं सेकंदा-दोन सेकंदांच्या उसळीची आणि बहुतांशी एकाच कोअरची. इथे चांगला यू प्रोसेसर डेस्कटॉपच्या अगदी जवळ बसतो. थ्रीडी रेंडर, सॉफ्टवेअरने व्हिडिओ रूपांतर, मोठा कोड कंपाइल करणं ही सगळ्या कोअरची, लांब चालणारी कामं. इथे पीएल१ आणि पंखा निकाल लावतात. मधे बरंच काही आहे, आणि तिथे १९६७चा ॲमडालचा नियम आठवावा. कामाचा पाव भाग एका मागोमाग एकच करावा लागत असेल, तर कितीही कोअर लावा, वेग चौपटीच्या पुढे जाणार नाही. गेममध्ये बहुतेकदा ग्राफिक्स कार्ड आधी अडतं, त्यामुळे नुसत्या प्रोसेसरची तुलना तिथे दिशाभूल करते.

पायरी ४: इंटरनेटवरचे स्कोअर सावधपणे वाचा

गीकबेंच ही वेग मोजणारी चाचणी छोट्या छोट्या कामांची बनलेली आहे, त्यामुळे त्यात लॅपटॉपची उसळी चांगली दिसते आणि दम दिसत नाही. गीकबेंच ६मध्ये इंटेल कोअर आय७-१२७०० हा २५०० गुणांचा पाया धरला आहे. गीकबेंच ५चा पाया वेगळा होता, म्हणून ५ आणि ६चे आकडे शेजारी ठेवू नयेत. शिवाय ६च्या मल्टि-कोअर चाचणीत सगळे कोअर एकच काम वाटून घेतात, त्यामुळे कोअर वाढले तरी गुण त्या प्रमाणात वाढत नाहीत.

सिनेबेंच ही चाचणी थ्रीडी रेंडरवर आधारलेली आहे. आर२३ या आवृत्तीपासून त्यात किमान १० मिनिटं सलग चालणारी चाचणी मुळातच लावलेली असते. लॅपटॉपसाठी हाच पर्याय ठेवायचा. एकदाच चालवून घेतलेला स्कोअर असेल तर तो पीएल२चा स्कोअर समजा. आर२३ आणि सिनेबेंच २०२४ यांचे आकडेही एकमेकांशी जुळवता येत नाहीत.

पासमार्क या संकेतस्थळावर लोकांनी पाठवलेल्या निकालांची सरासरी असते. डेस्कटॉपसाठी ती ठीक. लॅपटॉपच्या बाबतीत त्या एका आकड्यात १२ वॅटवालेही येतात, २५ वॅटवालेही, एकच रॅम पट्टी लावलेलेही आणि दोन लावलेलेही. त्यातून तुमच्या हातातल्या लॅपटॉपबद्दल फारसं कळत नाही.

पायरी ५: स्वतः मोजा

दोन्ही यंत्रं हाताशी असतील तर एक संध्याकाळ पुरते.

आधी तयारी. लॅपटॉपची बॅटरी पूर्ण भरू द्या आणि मग चाचणीभर चार्जर लावून ठेवा. विंडोजच्या सेटिंगमध्ये पॉवर मोड सर्वांत वरच्या पर्यायावर न्या. लॅपटॉप कंपनीचं स्वतःचं सॉफ्टवेअर असेल तर त्यातही 'सायलेंट' वगैरे निवडलेलं नाही ना ते पाहा, कारण कित्येकदा त्याचंच खरं चालतं. नवीन यंत्र असेल तर अपडेट आणि फाइलींची अनुक्रमणिका बनवायचं काम संपेपर्यंत थांबा. लॅपटॉप टेबलावर ठेवा, गादीवर नको. खोली दोघांना एकच असावी.

रॅमही तपासा. रॅमकडे जाणाऱ्या एकाच वाटेवर, म्हणजे चॅनेलवर, चालणारा लॅपटॉप आणि दोन चॅनेलचा डेस्कटॉप अशी जोडी लागली, तर निकालातला काही भाग प्रोसेसरचा नसून रॅमचा असतो. टास्क मॅनेजरमध्ये किती पट्ट्या बसल्या आहेत ते दिसतं.

मग एचडब्ल्यूइन्फो हे चिपची मोजमापं दाखवणारं सॉफ्टवेअर चालू करा. त्याच्या लांबलचक यादीतल्या चार ओळी पुरेत: सीपीयू पॅकेज पॉवर, कोअरचा इफेक्टिव्ह क्लॉक, पॅकेजचं तापमान, आणि परफॉर्मन्स लिमिट रीझन्स. साध्या क्लॉकऐवजी इफेक्टिव्ह क्लॉक पाहा, कारण कोअर मधे मधे झोपलेला असेल तर तेही त्यात धरलेलं असतं. नोंद फाइलमध्ये साठवायला लावा.

चाचणी क्रमांक एक: सिनेबेंच, १० मिनिटांची, मल्टि-कोअर. नंतर सिंगल-कोअर. दोन फेऱ्यांमध्ये यंत्र पुरतं थंड होऊ द्या. नाहीतर वर सांगितलेली टाऊची सरासरी आधीच चढलेली असते.

दुसरी: फाइली दाबणारं सेव्हन-झिप. त्याच्या टूल्स मेनूतच बेंचमार्क आहे, वेगळं काही उतरवावं लागत नाही. त्यात दोन आकडे मिळतात. फाइल दाबण्याचा वेग रॅमच्या प्रतिसादावर आणि कॅशवर बराच अवलंबून असतो, उलगडण्याचा वेग मुख्यतः कोअरच्या ताकदीवर. म्हणून दाबण्यात लॅपटॉप जास्त मागे आणि उलगडण्यात कमी मागे असेल, तर संशय रॅमवर घ्यायचा.

तिसरी चाचणी तुमच्या रोजच्या कामाची, आणि माझ्या मते सगळ्यांत मोलाची हीच. तोच प्रकल्प, तीच फाइल, तीच सेटिंग, आणि घड्याळ. हँडब्रेक या सॉफ्टवेअरने व्हिडिओ बदलणार असाल तर सॉफ्टवेअर एन्कोडरच निवडा. हार्डवेअर एन्कोडर लागला की काम चिपमधल्या वेगळ्याच भागाकडे जातं आणि तुम्ही कोअर मोजतच नाही. लहान-मोठे कोअर असलेल्या इंटेल चिपवर चालू कामाची खिडकी खाली दडवू नका. काही वेळा विंडोज ते काम छोट्या कोअरकडे ढकलतं आणि वेळ विनाकारण वाढतो.

प्रत्येक चाचणी तीनदा करा, मधला आकडा धरा.

पायरी ६: नोंदीतला आलेख वाचा

यू प्रोसेसरच्या लॅपटॉपचा विजेचा आलेख बहुधा असा दिसतो: सुरुवातीला उंच सरळ भिंत, अर्ध्या मिनिटाच्या आसपास कडा, आणि मग लांबच लांब पठार. साध्या डेस्कटॉपचा आलेख जवळपास सपाट असतो. पठाराची उंची म्हणजे तुमच्या लॅपटॉपची खरी ताकद.

पठारावरच्या तापमानाकडे नीट बघा. वीज १५ वॅटवर खिळलेली आणि तापमान ७० अंशांच्या आसपास असेल, तर कंपनीने घातलेली विजेची मर्यादा आडवी आली आहे. इथे पंखा साफ करून किंवा थर्मल पेस्ट बदलून काडीचा फरक पडणार नाही. पॉवर मोड बदलून पठार वर जातंय का ते पाहा. याउलट तापमान १०० अंशांना टेकलेलं (इंटेलच्या बहुतेक लॅपटॉप चिपांची मर्यादा हीच) आणि वीज पीएल१च्याही खाली वरखाली होत असेल, तर उष्णता बाहेर पडत नाहीये. तेव्हा जाळीतली धूळ, वाळलेली पेस्ट, बंद पडत आलेला पंखा यांकडे वळायचं. लिमिट रीझन्सच्या ओळीत या दोन कारणांची नावं वेगवेगळी येतात, अंदाज करावा लागत नाही.

मग चार्जर काढा आणि तीच चाचणी बॅटरीवर करा. काही लॅपटॉप जेमतेम ढळतात, काही निम्म्यावर येतात. लॅपटॉप फिरतीवर वापरायचा असेल तर हाच आकडा तुमचा.

पायरी ७: आकडे जोडा, पण सरासरी जपून

प्रत्येक कामासाठी डेस्कटॉपचा वेग भागिले लॅपटॉपचा वेग असं गुणोत्तर काढा. या गुणोत्तरांची साधी सरासरी काढू नका. एका कामात डेस्कटॉप दुप्पट आणि दुसऱ्यात निम्मा असेल, तर २ आणि ०.५ यांची सरासरी १.२५ येते, म्हणजे डेस्कटॉप सव्वापट. भागाकार उलटा केला तर लॅपटॉपही सव्वापट! गुणाकार करून मूळ काढलं, म्हणजे भूमितीय मध्य घेतला, की उत्तर १ येतं, आणि तेच बरोबर आहे. त्याहून बरं म्हणजे सरासरीच्या नादी न लागता आपल्या मुख्य कामाच्या गुणोत्तराला वजन द्यावं.

विजेचा हिशोब करायचा तर भिंतीच्या सॉकेटला लावायचा वॅटमीटर घ्या. समजा एक व्हिडिओ लॅपटॉपने ३० मिनिटांत केला आणि सॉकेटवर सरासरी २८ वॅट दिसले. ते झाले १४ वॅट-तास. डेस्कटॉपने तोच १८ मिनिटांत केला, ९५ वॅट घेऊन. ते झाले २८.५ वॅट-तास. बारा मिनिटं वाचली, वीज दुप्पट गेली. लॅपटॉपच्या आकड्यात त्याचा पडदाही धरलेला आहे, डेस्कटॉपच्या मॉनिटरची वीज वेगळी. दिवसभर यंत्र नुसतं चालू असेल तर रिकाम्या वेळेची वीज अधिक महत्त्वाची ठरते. तिथे लॅपटॉप १० वॅटच्या आत राहतो आणि वेगळं ग्राफिक्स कार्ड असलेला डेस्कटॉप काहीही न करता त्याच्या कित्येक पट घेत बसतो.

यंत्र अजून घेतलंच नसेल तर

त्या प्रोसेसरच्या नावाने शोधू नका, त्या लॅपटॉपच्या मॉडेलच्या नावाने शोधा. परीक्षणात लांब चाचणीनंतर पॅकेज पॉवर किती वॅटवर स्थिरावली ते दिलंय का पाहा. नसेल तर सिनेबेंचचा पहिल्या फेरीचा आणि शेवटच्या फेरीचा स्कोअर यांतला फरक तरी पाहा. दोन लॅपटॉपांत एकात आय७-१२५५यू आणि दुसऱ्यात आय५-१२३५यू असेल, तर दोन्हींत कोअर सारखेच आहेत, दोन मोठे आणि आठ छोटे, फरक मुख्यतः कमाल क्लॉकचा. अशा वेळी आय५वाला २५ वॅटवर टिकत असेल आणि आय७वाला १५वर, तर लांब कामांसाठी आय५ घ्या. आणि यंत्र टेबलावरून हलणारच नसेल, तर सुरुवातीचा तो ४ कोअरचा आय३ या दोघांच्याही शेजारी किमतीसकट मांडून पाहा.